बुबुळातला लोखंडी कण आणि भुलीचे थेंब

डोळ्यांच्या दवाखान्यात तपासणीच्या वेळी घातले जाणारे भुलीचे थेंब पुष्कळांनी घेतलेले असतात. पण ते नेमके कशासाठी घातले आणि तेच थेंब घरी नेण्यासाठी का मिळत नाहीत, हे गर्दीच्या दवाखान्यात सहसा कोणी विचारत नाही आणि कोणी आपणहून सांगतही नाही. गेल्या पावसाळ्यात माझ्या उजव्या डोळ्याच्या बुबुळात लोखंडाचा कण रुतला आणि तो काढताना या औषधाचा गुण आणि त्याचा धोका असे दोन्ही मला अगदी जवळून पाहायला मिळाले. आमच्या हर्णै बंदराच्या परिसरात वेल्डिंग, ग्राइंडिंग आणि गंज खरवडण्याची कामे नेहमीची आहेत, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते. हर्णै आणि पाजपंढरीच्या बऱ्याचशा बोटी तेव्हा आंजर्ल्याच्या खाडीत आसऱ्याला असतात आणि जुलै सरत आला की त्यांच्या डागडुजीची घाई सुरू होते. माझ्या धाकट्या दिरांची बोटही तिथेच होती. पावसाने जरा उघडीप दिली होती, शाळा सुटल्यावर भावोजींना सोसायटीचे काही कागद द्यायला मी खाडीवर गेले, तेव्हा बोटीवरच्या विंचच्या, म्हणजे जाळे ओढण्याच्या यंत्राच्या, लोखंडी चौकटीवर ग्राइंडर चालला होता. मी चांगली लांब उभी होते, पण वारा माझ्या दिशेने वाहत होता. डोळ्यात काहीतरी गेले. वाळू किंवा कचरा गेल्यावर वाटते तसेच तेव्हा वाटले, म्हणून स्वच्छ पाण्याने डोळा धुतला. भरपूर पाणी वाहिले, तरी पापणी मिटताना प्रत्येक वेळी एकाच ठिकाणी टोचत राहिले.

ग्राइंडरवरचा मुलगा काम थांबवून धावत आला. त्याने शर्टाच्या खिशातून एक लहानशी बाटली काढली आणि म्हणाला, “वहिनी, ह्याचे दोन थेंब टाका, लगेच थंड पडेल. वेल्डिंग लागलं की आम्ही हेच टाकतो.” बाटलीच्या टोपणाला काळे ग्रीस लागलेले होते. लेबल अर्धे पुसलेले होते, पण औषधाचे नाव वाचता येत होते : प्रोपॅराकेन. भावोजींनी ती बाटली त्याला परत केली आणि “कुणाच्या डोळ्यातलं औषध दुसऱ्याच्या डोळ्यात नको, सकाळी दापोलीला जाऊ,” असे सांगून मला घरी आणले.

ती रात्र कठीण गेली. सासूबाईंनी पदराची गुंडाळी करून, तिच्यावर तोंडाची वाफ घेऊन पापणीवरून शेक दिला. त्या ऊबेने घटकाभर बरे वाटे, पण दिव्याचा उजेड सहन होत नव्हता, दुसरा डोळा हलला तरी हा डोळा पापणीखाली हलायचा आणि टोचायचा. बुबुळाच्या पुढच्या बाजूला जे पारदर्शक पटल असते, ज्याला कॉर्निया म्हणतात, त्यातील संवेदना वाहणारे मज्जातंतू त्वचेच्या तुलनेत ३०० ते ६०० पट दाट असल्याचे मी नंतर वाचले. मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीच्या या पटलात रक्तवाहिन्या नसतात, मात्र मज्जातंतूंची टोके अगदी वरच्या थरापर्यंत आलेली असतात. त्यामुळे नजरेला दिसणारही नाही एवढ्या कणाने माणसाला रात्रभर बसवून ठेवावे, यात नवल काही नाही.

सकाळी दापोलीच्या दवाखान्यात पोहोचले तेव्हा उजवा डोळा उघडतच नव्हता. तिथे डॉक्टरांच्या हाताखाली काम करणारी मुलगी माझी जुनी विद्यार्थिनी निघाली, तिने मला बाहेर ताटकळत न ठेवता आत बसवले. डॉक्टरांनी डोळ्याला हात लावण्याआधी प्रश्न विचारले. ग्राइंडर चालला होता की कोणी छिन्नीवर हातोडी मारत होते, हा त्यांचा पहिला प्रश्न होता, आणि तो त्यांनी दोनदा विचारला. लोखंडावर लोखंड आपटताना उडालेली कपची इतक्या वेगाने येते की ती कधी कधी पटल भेदून डोळ्याच्या आत जाते, वरून जखम फारशी दिसत नाही, आणि अशी शंका असेल तर एक्स-रे किंवा सीटी स्कॅन करावा लागतो. ग्राइंडरचा कण बहुधा तापलेला येतो आणि वरच्या थरातच रुतून बसतो. त्यानंतर त्यांनी विचारले, “बाई, घरून काही घालून आलात का डोळ्यात? मध, दूध, कुणाचे थेंब?” काही घातले नाही असे सांगितल्यावर त्यांनी मान डोलावली आणि मुलीला थेंब आणायला सांगितले.

तिने फ्रिजमधून बाटली आणली. तिच्यावर पेनाने उघडल्याची तारीख लिहिलेली होती. हे भुलीचे औषध प्रोपॅराकेनचे अर्धा टक्क्याचे द्रावण होते, म्हणजे आदल्या संध्याकाळी खिशातून निघाले होते तेच औषध. मला मान मागे टाकायला सांगून तिने खालची पापणी हलकेच ओढली आणि पापणीच्या खोबणीत एक थेंब सोडला, बाटलीचे टोक डोळ्याला लागू न देता. थेंब पडताच डोळा चांगलाच झोंबला. “आता थोडं झोंबेल बाई, मिटून घ्या, दाबू नका,” असे ती म्हणेपर्यंत झोंबणे ओसरायला लागले होते, आणि ते ओसरता ओसरता रात्रभराचे टोचणेही गेले. मला वाटले होते की दुखणे हळूहळू कमी होईल. प्रत्यक्षात अर्ध्या मिनिटाच्या आत ते पूर्ण थांबले. डोळा आपोआप उघडला. समोरच्या भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता दिसला, आणि डॉक्टरांनी लगोलग नजर तपासून घेतली, कारण जखमी डोळ्याची नजर किती आहे याची नोंद काही करण्याआधी व्हावी लागते आणि दुखणारा डोळा उघडल्याखेरीज ती नोंद होत नाही.

हे थेंब करतात ते असे. मज्जातंतूतून वेदनेचा संदेश पुढे जायचा असेल तर त्या तंतूच्या आवरणातील सोडियमच्या वाटा उघडाव्या लागतात. औषध त्या वाटा अडवते, त्यामुळे टोचणे चालू असले तरी त्याची खबर मेंदूपर्यंत जात नाही. प्रोपॅराकेनचा अंमल साधारण दहा ते वीस मिनिटे टिकतो. दिसण्यावर त्याचा परिणाम होत नाही, बाहुली मोठी होत नाही, डोळ्याची हालचालही थांबत नाही. बाहुली मोठी करण्यासाठी घालतात ते थेंब वेगळे; त्यांच्यामुळे काही तास जवळचे अंधूक दिसते आणि उन्हाचा त्रास होतो. आमच्याकडे लोक दोन्हींना सरसकट “तपासणीचे थेंब” म्हणतात आणि मग एकाचे गुणदोष दुसऱ्याला चिकटवतात.

स्लिट लॅम्प नावाच्या यंत्रासमोर हनुवटी टेकवून आणि कपाळ पट्टीला लावून बसायचे असते. डॉक्टरांनी एक केशरी रंगाची कागदी पट्टी ओली करून डोळ्याच्या कडेला टेकवली. फ्लुरोसीन हा रंग तिच्यात असतो; पटलाचा वरचा थर जिथे सोलवटला असेल तिथे तो बसतो आणि निळ्या उजेडात ती जागा हिरवी चमकते. कण बाहुलीच्या थोडा खाली, बाहेरच्या बाजूला होता. वरची पापणी उलटून तिच्या आतही त्यांनी पाहिले, कारण एक कण सापडला म्हणजे दुसरा नसेलच असे नाही. मग दुसरा थेंब घातला आणि डाव्या डोळ्यातही एक घातला. न दुखणाऱ्या डोळ्यात कशाला, असे मी विचारले. दोन्ही डोळ्यांची उघडझाप एकत्र होते, एक डोळा चुरचुरला की दुसराही मिटतो, आणि सुई बुबुळाजवळ असताना तसे होऊन चालत नाही, हे त्यांनी सांगितले.

सुई या शब्दाने मी घाबरले होते, ते लपवत नाही. इंजेक्शनची बारीक सुई आडवी धरून, तिच्या टोकाने कण उचकटायचा, अशी ती क्रिया असते. माझ्या मागे उभी राहून त्या मुलीने माझे डोके पट्टीला टेकवून धरले. “माझ्या कानाकडे बघा, कानावरून नजर हलवू नका,” असे डॉक्टर म्हणाले. मी त्यांच्या कानाच्या पाळीकडे पाहत राहिले. सुई कडेने येताना एक राखाडी सावली सरकल्यासारखे दिसले, इतक्या जवळच्या वस्तूवर नजर स्थिर होतच नाही, त्यामुळे टोक असे दिसलेच नाही. वेदना अजिबात नव्हती. फक्त अगदी हलका दाब जाणवला, आणि एकदा काहीतरी सुटे झाल्याची जाणीव झाली, तीही दाब कमी झाल्यामुळे. डॉक्टरांनी कापसाच्या टोकावर तो कण टेकवून मला दाखवला. पांढऱ्या कापसावर काळ्या शाईचा बारीक ठिपका पडावा एवढाच तो होता.

कण निघाला, पण काम संपले नव्हते. लोखंड अश्रूंच्या खारटपणात काही तासांतच गंजू लागते आणि कणाच्या भोवती पटलात गंजाचे कडे तयार होते. ओल्या फळीवर खिळ्याभोवती तांबूस डाग पसरतो तसे ते मला आरशात नंतर दिसले. कडे पूर्ण काढण्यासाठी पहिल्याच बैठकीत खोल खरवडायची गरज नसते. एका दिवसाने ते जरा मऊ पडते आणि कमी खरवडून निघते, म्हणून सुटेल तेवढेच काढून उरलेले दुसऱ्या दिवशी काढायचे त्यांनी ठरवले.

नंतर मला बाहेरच्या बाकावर बसवून ठेवले, आणि डोळ्याला हात लावायचा नाही असे मुलीने बजावले. बधिर डोळा चोळला तर पटल आणखी सोलवटले तरी कळत नाही; डोळा कोरडा पडला, केस किंवा धूळ आत गेली तरी कळत नाही, आणि उघडझाप आपोआप कमी होते. पापणी मला जाड, परक्यासारखी वाटत होती. बाहेर वारा सुटला होता, त्यामुळे संवेदना परत येईपर्यंत रिक्षात बसायचे नाही, हेही तिनेच सांगितले. त्या बाकावर बसले असताना रात्रीच्या जागरणानंतर पहिल्यांदा मला शांत वाटले, आणि त्याच वेळी मनात आले की हे औषध घरी असायला हवे. आत जाऊन मी डॉक्टरांना तसे विचारले : निदान आजच्या रात्रीपुरती ती बाटली मिळेल का?

त्यांनी नाही म्हटले, आणि बाहेर रोग्यांची रांग असताना मला कारण समजावून सांगायला वेळ काढला, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. कण निघाल्यावर पटलावर जो खड्डा राहतो तो भरून येण्यासाठी कडेच्या पेशी सरकत येऊन जखमेवर पसरतात आणि खालच्या थराला घट्ट चिकटतात. लहान ओरखडा असा एक ते तीन दिवसांत भरतो. भुलीचे औषध वारंवार घातले तर पेशींचे हे सरकणे आणि चिकटणे दोन्ही अडते, वरच्या थरातील पेशींना थेट इजा होते, उघडझाप आणि अश्रू कमी झाल्याने पटल कोरडे पडते, आणि बाटलीत टिकवण्यासाठी घातलेले बेंझाल्कोनियम क्लोराइड त्यात भर घालते. जखम भरत नाही, म्हणून अंमल उतरला की दुखणे आधीपेक्षा जास्त होते. दुखते म्हणून माणूस पुन्हा थेंब घालतो. असे चालू राहिले तर पटलावर पांढरे कडे धरते, ते जंतुसंसर्गासारखे दिसते आणि कधी कधी डॉक्टरांचीही दिशाभूल करते. पुढे पटल विरघळून भोकही पडू शकते. त्यातून वाचलेल्या डोळ्यात फूल पडलेले राहते आणि नजर कायमची जाते. या दुखण्यावरचा पहिला उपाय म्हणजे ते थेंब बंद करणे, आणि नेमके तेच रोग्याला सर्वांत अवघड जाते.

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली ती कोकणातल्या सगळ्यांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. भातकापणीच्या दिवसांत पातीचे टोक किंवा तूस लागून, बागेत डहाळी लागून आलेले रोगी त्यांच्याकडे असतात. अशा जखमेत बुरशीचा संसर्ग होऊ शकतो, तो सावकाश वाढतो, आणि वाढतोय हे कळण्याचे रोग्याकडे असलेले साधन म्हणजे वाढते दुखणे, लाली आणि धूसर नजर. भुलीच्या थेंबांनी दुखणे मिटवले तर माणूस दवाखान्यात येत नाही. अशाच जखमेवर दुकानातून परस्पर आणलेले स्टेरॉइडचे थेंब घातले तर संसर्गाला मोकळे रानच मिळते.

मी घरी आल्यावर याविषयी वाचले, तेव्हा हा प्रश्न औषधाइतकाच जुना असल्याचे कळले. १८८४ साली व्हिएन्नातील तरुण डॉक्टर कार्ल कोलर याने कोकेनच्या द्रावणाने डोळा बधिर होतो हे आधी बेडकाच्या आणि सशाच्या डोळ्यांवर, मग स्वतःच्या डोळ्यावर टाचणीचे डोके लावून पडताळून पाहिले. त्या वर्षी १५ सप्टेंबरला हायडेलबर्गच्या नेत्रवैद्यांच्या परिषदेत त्याचा निबंध वाचला गेला. प्रवासाला पैसे नसल्यामुळे तो स्वतः जाऊ शकला नव्हता, त्याच्या वतीने दुसऱ्या डॉक्टरने वाचला. त्याआधी डोळ्याची शस्त्रक्रिया म्हणजे शुद्धीवर असलेल्या माणसाला धरून ठेवून करायची गोष्ट होती, किंवा ईथर, क्लोरोफॉर्मसारख्या भुलीखाली, जिच्यानंतर होणाऱ्या उलट्यांचा ताण ताज्या जखमेवर येई. माझ्या मागे उभ्या त्या मुलीने नुसते डोके टेकवून धरले होते आणि मला वेदना अजिबात जाणवली नाही, हे आठवून तो भाग मी दोनदा वाचला. पण कोकेनने पटलाचा वरचा थर खराब होतो आणि त्याची सवयही लागते, हे लवकरच लक्षात आले. पुढे टेट्राकेन आणि प्रोपॅराकेनसारखी औषधे आली. त्यांची सवय कोकेनसारखी लागत नाही, त्यांचा थेंब तपासणीपुरता सुरक्षित आहे, मात्र पुन्हा पुन्हा घातल्यास पटल खराब होण्याचा दोष त्यांच्यातही राहिलाच. अमेरिकेत तातडीच्या उपचारांच्या डॉक्टरांनी अलीकडे साध्या ओरखड्यासाठी, पहिल्या २४ तासांपुरते आणि अगदी मोजके थेंब देण्यास मान्यता दिली आहे, हेही वाचनात आले. माझ्या डोळ्यात गंजाचे कडे शिल्लक होते, म्हणजे माझी जखम साध्या ओरखड्यात बसणारी नव्हती; डॉक्टरांचा नकार मला त्यामुळे अधिकच पटला.

दवाखान्यासमोरच्या दुकानातून औषधे घेईपर्यंत डोळा जागा झाला होता. आधी पापणीची कड जाणवू लागली, मग चुरचुर, मग रात्रीइतके नसले तरी चांगले दुखणे. भुलीच्या थेंबांऐवजी मला मॉक्सिफ्लॉक्सासिनचे जंतुनाशक थेंब, होमॅट्रोपिनचे थेंब, कृत्रिम अश्रू आणि पॅरासिटॅमॉलच्या गोळ्या मिळाल्या होत्या. होमॅट्रोपिनने डोळ्याच्या आतला आखडलेला स्नायू सैल पडतो आणि खोलवरचा ठणका कमी होतो. त्याने जवळचे अंधूक दिसते, त्यामुळे वह्या तपासणे बंद राहिले. डोळ्यावर पट्टी बांधली नाही, काळा चष्मा दिला. त्या रात्री दुखले, पण आदल्या रात्रीसारखे टोचले नाही. हा फरक ओळखता येत होता, आणि तो ओळखता येणे हेच औषध न देण्यामागचे एक कारण होते, कारण वेदना उतरत जाण्याऐवजी वाढली तर लगेच निघून यायचे असे मला बजावून ठेवलेले होते.

दुसऱ्या दिवशी तोच थेंब, तेच झोंबणे आणि तीच शांतता. या वेळी टोकाला बारीक गोल पाते असलेले, हातात धरायचे छोटे यंत्र फिरवून कडे काढले. यंत्राचा आवाज दातांच्या दवाखान्यातला आठवावा असा होता आणि त्याचीच धास्ती जास्त वाटली. डोळ्याला फक्त किंचित थरथर कळली.

सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या गोष्टी मला तेव्हा नव्याने समजल्या. त्यांच्या एका डोळ्याच्या वेळी बुबुळाच्या बाजूला इंजेक्शन देऊन भूल दिली होती, डोळा हलतही नव्हता आणि दिवसभर पट्टी होती. काही वर्षांनी दुसरा डोळा केला तो नुसत्या थेंबांवर. “उजेड दिसत होता, डॉक्टर बोलत होते ते ऐकू येत होतं, पाणी सोडल्यासारखं वाटलं,” असे त्या सांगत, आणि आम्हाला ते खरे वाटत नसे. थेंबांनी पटल बधिर होते, पण डोळा हलवणारे स्नायू आणि दृष्टी चालूच राहतात, म्हणून रोग्याला नजर स्थिर ठेवावी लागते. घाबरट किंवा अजिबात ऐकू न येणाऱ्या माणसाला डॉक्टर इंजेक्शनच का देतात, हे माझ्या आता लक्षात आले.

त्या ग्राइंडरवाल्या मुलाची बाटली माझ्या डोक्यातून गेली नव्हती. भावोजींनी त्याला समजावले, पण तो म्हणाला की गेल्या हंगामात दुसऱ्या बंदरावर काम करताना एका जुन्या वेल्डरने ती आणायला शिकवले होते, औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळाली होती, आणि त्याला तर गुणच येत होता. वेल्डिंगच्या झोताने पटल भाजते आणि काही तासांनी, बहुधा मध्यरात्री, डोळ्यात मिरची गेल्यासारखी आग होते, हे ज्याने भोगले आहे त्याला गुणाविषयी वेगळे पटवता येत नाही. म्हणून माझ्या पुढच्या तपासणीला भावोजी त्यालाच गाडीवर घेऊन आले, बाटलीसकट.

माझे काम लवकर झाले. जखम भरली होती, जागेवर बारीक धूसर डाग राहिला होता, तो बाहुलीच्या समोर नसल्यामुळे दिसण्याच्या आड येत नाही. चाळिशी उलटलेली असल्याने डॉक्टरांनी डोळ्याचा दाबही मोजला. त्यासाठी पुन्हा तोच थेंब आणि तोच रंग लागतो, कारण गोल्डमनच्या पद्धतीत पटलाला सपाट टोकाचा दंडगोल प्रत्यक्ष टेकवून ३.०६ मिलिमीटर व्यासाचा भाग सपाट करायला किती जोर लागतो ते मोजतात. बधिर नसलेला डोळा हे सहन करणार नाही. दाब सर्वसाधारणपणे १० ते २१ मिलिमीटर पारा असतो. माझा त्यात बसला.

मग मुलाला यंत्रासमोर बसवले. डॉक्टरांनी आधी बाटली उजेडात धरून पाहिली. आतले पाणी पिवळसर झाले होते, उघडल्याची तारीख कुठेच नव्हती, आणि टोक काळवंडले होते. रंग लावल्यावर त्याच्या दोन्ही डोळ्यांच्या पटलांवर हिरवे बारीक ठिपके विखुरलेले दिसले. यंत्राला जोडलेल्या पडद्यावर ते मी स्वतः पाहिले. माझ्या डोळ्यात कणाच्या जागी एकच हिरवा ठिपका होता, त्याच्या डोळ्यांत ते मोजता येणार नाहीत एवढे होते. त्याला त्या वेळी काही दुखत नव्हते. डॉक्टर त्याच्यावर रागावले नाहीत. झोत लागला तर अंधारात डोळे मिटून पडायचे, थंड पाण्याच्या घड्या ठेवायच्या, दुखण्याची गोळी घ्यायची, कृत्रिम अश्रूंचे थेंब घालायचे, एक-दोन दिवसांत ते आपोआप भरते, आणि नाही भरले किंवा एकाच डोळ्यात दुखत राहिले तर थेट इकडे यायचे, असे त्यांनी त्याला एकेक करून सांगितले आणि त्याच्याकडून म्हणवूनही घेतले. ग्राइंडरला बाजूने बंद असलेला चष्मा आणि वेल्डिंगला पुरी काच असलेला मुखवटा लागतो, हे भावोजींना सांगितले, कारण पैसे त्यांनी द्यायचे होते. बाटली दवाखान्यातच राहिली.

आठवडाभराने तो पुन्हा दापोलीला गेला, तेव्हा ठिपके बरेच कमी झाले होते आणि दोन्ही डोळ्यांची नजर ६/६ भरली. मधल्या पहिल्या दोन रात्री डोळे खूप चुरचुरले, असे त्याने मला सांगितले. नारळी पौर्णिमेच्या आधी बोट खाडीतून बाहेर काढली, त्या दिवशीही विंचचे थोडे काम राहिलेच होते, आणि ते त्याने नव्या चष्म्याने केले.